डेक असलेल्या कॅम्पिंग ट्रेलरवरून डर्ट बाइक नेताना

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांत मुलांसोबत आईवडिलांनाही डर्ट बाइकचा नाद लागतो, त्यांचे शनिवार-रविवार बहुधा हॉलिस्टर हिल्स किंवा ट्रेसीजवळच्या कार्नेगी या राज्य सरकारच्या वाहन-क्रीडा उद्यानांत जातात. तंबू आणि बाइक एकाच फेरीत नेता याव्यात म्हणून अनेकजण पुढच्या बाजूला मोकळा डेक, म्हणजे सपाट फलाट, आणि मागे घडीचा तंबू असलेला ट्रेलर घेतात. सोय चांगली आहे, पण विक्रेत्याने सांगितलेली ओढण्याची एकूण क्षमता तेवढी पाहून असा ट्रेलर जोडणे धोक्याचे आहे. डेक ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पुढे असल्यामुळे बाइकच्या वजनाचा मोठा हिस्सा ट्रेलरच्या चाकांवर न पडता थेट हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाला ट्रेलर जोडतात त्या सांध्यावर पडतो.

हिशेब साधा तरफेचा आहे. समजा, कपलरपासून (ट्रेलरच्या हिचला अडकणाऱ्या टोकापासून) ॲक्सल ४ मीटर आणि डेकचा मध्य दीड मीटर अंतरावर आहे. प्रत्येकी ११० किलोच्या दोन बाइक, म्हणजे २२० किलो डेकवर ठेवले, तर त्यातले सुमारे १३८ किलो हिचवर आणि केवळ ८२ किलो ॲक्सलवर येतात. ट्रेलरचे मूळ वजन १,१०० किलो आणि त्याचा हिचवरचा भार १३० किलो असेल, तर बाइक चढल्यावर हा भार २६८ किलो होतो, म्हणजे १,३२० किलोंच्या जवळजवळ २० टक्के. अशा ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के भार योग्य मानला जातो. क्लास टू या दर्जाच्या हिचची एकूण ओढण्याची मर्यादा साधारण ३,५०० पौंड असते आणि हा ट्रेलर तीत सहज बसतो. पण त्याच हिचवर खाली दाबणारा भार साधारण ३५० पौंडांपर्यंतच चालतो आणि इथे तो ५९० पौंड झालेला असतो.

हाच भार गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी पेलू शकते त्या वजनातूनही वजा होतो. चालकाच्या दारापाशी लावलेल्या स्टिकरवर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते लिहिलेले असते. तो आकडा १,२०० पौंड असेल आणि गाडीत चार मोठी माणसे बसणार असतील, तर त्यांचे साडेसहाशे पौंड आणि हिचवरचे ५९० पौंड मिळून मर्यादा ओलांडली जाते, तीही शीतपेटी आणि हेल्मेटे डिकीत ठेवण्यापूर्वीच. म्हणून हिच, बॉल (कपलर ज्यावर बसतो तो गोळा) आणि बॉल माउंट (तो गोळा धरणारा दांडा) या तिन्हींवर छापलेली मर्यादा, ट्रेलरच्या पाटीवरचे कमाल वजन आणि दारावरचा पेलोड हे सर्व आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा प्रमाण मानावा.

हिचवरचा भार अंदाजाने ठरवू नये. तो घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो. एका भक्कम फळीचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर ठेवावे, दोन्ही टेकूंमध्ये तीन फूट अंतर ठेवावे आणि ट्रेलरचा जॅक विटेपासून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर टेकवावा. काट्यावर दिसलेल्या आकड्याची तिप्पट हा हिचवरचा भार होय. ट्रेलर सपाट जमिनीवर आणि चाकांना अडसर लावूनच ही मोजणी करावी. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलण्याच्या मोठ्या काट्यावर, गाडीचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात, त्यामुळे पहिल्या सहलीपूर्वी तिथले थोडे पैसे जरूर खर्च करावेत.

भार जास्त निघाला तर अनेकजण जड सामान ट्रेलरच्या अगदी शेपटाशी ढकलून आकडा खाली आणतात. माझ्या मते हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे, कारण दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा डोलू लागला की सहज थांबत नाही. जड सामान ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे असावे. तेवढ्याने भागत नसेल तर एकच बाइक न्यावी किंवा अधिक क्षमतेची हिच आणि तिला पेलणारी गाडी वापरावी. वजन विभागणारी हिच उपयोगी पडते, परंतु ट्रेलर आणि गाडी या दोन्हींच्या उत्पादकांनी तिला परवानगी दिलेली आहे का, ते आधी पाहावे. याची उलट बाजू सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बाइक मित्राच्या पिकअपमधून परत पाठवल्या आणि ॲक्सलमागे दीड मीटरवर असलेल्या टाकीत ९० लिटर पाणी तसेच राहिले, तर वरच्याच उदाहरणातला भार ९६ किलोंवर, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांवर घसरतो आणि रिकामा वाटणारा ट्रेलर अधिक डोलतो. अशा वेळी टाकी रिकामी करूनच निघावे.

बांधणीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. या डेकवर बाइक बहुधा आडव्या दिशेने उभ्या राहतात. व्यावसायिक मालवाहतुकीच्या संघीय नियमांनुसार माल पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट आणि बाजूला ०.५ पट जोर सहन करील असा बांधावा लागतो. घरगुती ट्रेलरसाठीही हा मापदंड चांगला आहे. आडव्या उभ्या बाइकच्या बाबतीत ब्रेकचा हा मोठा जोर तिच्या कुशीवर येतो. ११० किलोची बाइक जवळजवळ ८८ किलोंच्या जोराने गाडीच्या दिशेला कलंडू पाहते. आपल्याकडे टेम्पोत काथ्याच्या दोरीने आवळलेली मोटरसायकल सुखरूप पोहोचते खरी, पण तिला तीन बाजूंनी फळ्यांचा आधार असतो आणि डेकवर तो नसतो.

पुढचे चाक डेकला बोल्ट केलेल्या खोबणीत बसवावे आणि दोन बाइक उलटसुलट तोंडांनी उभ्या कराव्यात, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. पुढचे दोन स्ट्रॅप हँडलला न लावता, फोर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पभोवती मऊ लूप घालून त्यात अडकवावेत आणि साधारण ४५ अंशांत दोन्ही बाजूंना खाली ओढावेत. फोर्क तृतीयांश ते निम्मा दाबला गेला की पुरे. त्याहून अधिक आवळल्यास सीलवर अकारण ताण येतो, म्हणून चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये प्लास्टिकचा किंवा लाकडी ठोकळा घालणे चांगले. मागच्या बाजूलाही दोन स्ट्रॅप हवेतच, नाहीतर खड्ड्यांमुळे बाइकचे शेपूट सरकत राहते. साइड स्टँड वर घडी केलेला असावा. स्ट्रॅपच्या लेबलवरचा तुटण्याचा मोठा आकडा पाहून खरेदी करू नये. कामाची मर्यादा साधारण त्याच्या एक तृतीयांश असते आणि हिशेब तिचाच करावा. स्ट्रॅप ज्या कड्यांना अडकतात ती प्लायवूडला नव्हे, तर खालच्या लोखंडी सांगाड्याला बोल्ट केलेली असावीत.

बाइक चढवताना आणि उतरवताना ट्रेलर गाडीला जोडलेला असावा, चाकांना अडसर असावेत आणि रॅम्प डेकला पट्ट्याने बांधलेला असावा, कारण मागचे चाक रॅम्पवर आले की सैल रॅम्प मागे निसटतो. दोघांनी ढकलणे उत्तम. इंजिनच्या जोरावर चढवण्याचा मोह टाळावा. पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि ट्रेलरच्या प्रोपेन टाकीची झडपही प्रवासात बंद ठेवावी, कारण या दोन्ही वस्तू पुढच्याच भागात जवळजवळ असतात.

ट्रेलरच्या टायरांची हवा थंड असतानाच तपासावी. चाकांचे नट सुमारे ५० मैलांनंतर पुन्हा आवळावेत आणि त्याच थांब्यावर स्ट्रॅपही ओढून पाहावेत, कारण नवे स्ट्रॅप सुरुवातीला थोडे सैल होतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैल ही कमाल मर्यादा आहे आणि १,५०० पौंड किंवा अधिक एकूण वजनाच्या कॅम्प ट्रेलरला ब्रेक असणे आवश्यक आहे. कार्नेगीला जाताना आल्टामाँट खिंडीतून जात असाल, तर तिथल्या पवनचक्क्या कशासाठी उभ्या आहेत हे ध्यानात ठेवून वेग आणखी कमी करावा. ट्रेलर डोलू लागलाच, तर गाडीचा ब्रेक न दाबता आणि स्टिअरिंगला झटके न देता ॲक्सिलरेटर सोडावा. ट्रेलर ब्रेकचा हाताने चालणारा कंट्रोलर असेल तर फक्त तोच हलके दाबावा.

मुक्कामी पोहोचल्यावर आधी बाइक उतरवाव्यात, मग ट्रेलर सपाट करून सोडवावा आणि त्यानंतरच तंबू उघडावा. अनेक ट्रेलरमध्ये पुढचा पलंग डेकच्या वरच सरकून येतो.