काल नीट बोलत होते, आज भ्रमात?

मी हाडांच्या वॉर्डात रात्रपाळी करते. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजोबा सलाईन उपटतात, वारलेल्या भावाला हाका मारतात, आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता." असं मानून गप्प बसू नका. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा भ्रम, तासा-दिवसांत येतो, सकाळी कमी, रात्री जास्त.

फाल्गुनापासून मागे महिने म्हणायला सांगा. जमणार नसेल तर वार उलटे. नेहमी जमणाऱ्या माणसाचा धागा मध्येच सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सुस्त पडून राहणाऱ्या आजीकडे अधिक लक्ष द्या. त्रास देत नाही म्हणून तिचा डिलिरियम हमखास नजरेतून सुटतो. आधीचा स्मृतिभ्रंश असेल तर धोका आणखी जास्त.

कारण शोधावंच लागतं: तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम, न सांगितलेलं दुखणं. घरातली सगळी औषधं दाखवा, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट.

चष्मा, कानाचं यंत्र लगेच लावा. दिवसा उजेड, रात्री शांतता. हात बांधू देऊ नका, त्याने घाबरणं वाढतं. वाद न घालता हात धरून सांगा, "आबा, मी आहे. आपण दवाखान्यात आहोत." दर थोड्या वेळाने पुन्हा सांगा.