बेळगावच्या मातीत कुंतीचे दाट कुंपण

इंग्लंडमधील जुन्या बागांच्या छायाचित्रांत जे गडद हिरवे, भिंतीसारखे ताठ कुंपण दिसते, ते बहुधा ‘यू’ या सूचिपर्णी झाडाचे असते. तसे कुंपण आपल्या अंगणापुढे असावे असे अनेकांना वाटते. परंतु यू हे थंड हवेचे झाड आहे. त्याचा आपल्याकडील भाऊबंद थुनेर मुख्यतः हिमालयाच्या उंच उतारांवर वाढतो. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावची हवा आपल्याला कितीही थंड वाटली, तरी येथील मार्च-एप्रिलचे ऊन या जातीला सोसणारे नाही. शिवाय यूची पाने आणि बिया विषारी असल्यामुळे जेथे गुरे-शेळ्या कुंपणाला तोंड लावतात, तेथे ते झाड नसलेलेच बरे. म्हणून झाडाचा हट्ट सोडून त्याच्या गुणांकडे पाहावे. बारमाही हिरवेपणा, लहान व दाट पाने आणि जून लाकडावर कापले तरी पुन्हा फुटण्याची ताकद हे तिन्ही गुण आपल्याकडे कुंतीत आहेत. रोपवाटिकेत तिला कामिनी किंवा मधुकामिनी म्हणून मागावे. जुन्या लोकांना ती कुंती म्हणूनच माहीत असते.

कुंती ही लिंबू आणि कढीपत्त्याच्या कुळातील आहे, हे आधी लक्षात घ्यावे, कारण तिच्या आवडी-निवडी आणि तिचे रोग या दोन्हींचा उलगडा त्यातून होतो. तिला निचऱ्याची, किंचित आम्ल जमीन मानवते. खानापूर तालुका आणि बेळगावचा पश्चिम भाग येथील जांभ्याची तांबडी माती तिला चांगली लागते; मात्र मलप्रभेच्या उगमाजवळच्या कणकुंबीकडे किंवा जांबोटीच्या बाजूला पाऊस इतका असतो की सपाट चरात लावलेली रोपे आषाढात पाण्यात उभी राहतात आणि त्यांची मुळे कुजतात. तेथे वीतभर उंच वरंबा करून त्यावरच लागवड करावी. याउलट निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातील काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कुंती जगते, पण तिची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता होय. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही, म्हणून खत वाढवून उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून सायंकाळी पानांवर फवारल्यास रंग परत येतो. परंतु हे दरवर्षी करावे लागते. ज्यांची जमीन अशी आहे आणि पाणीही बेताचेच आहे, त्यांनी माझ्या मते कुंतीच्या नादी न लागता सरळ मेंदी किंवा कोयनेल लावावी. मेंदी कोरडवाहूत टिकते. कोयनेलीची पाने कडू असल्याने जनावरे तिच्या वाटेला जात नाहीत. पुढे छाटणीविषयी जे सांगितले आहे, ते त्या दोन्हींनाही लागू पडते. फक्त त्या लवकर वाढत असल्याने कात्री अधिक वेळा चालवावी लागते.

लागवडीची तयारी वळवाचे एक-दोन पाऊस पडून माती मऊ झाली की सुरू करावी. हद्दीच्या दगडापासून दीड ते दोन फूट आत सुतळी ताणून दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणावा. कुंपण पुढे दोन्ही बाजूंना फुगणार असते. अगदी हद्दीवर लावल्यास बाहेरची बाजू कापण्यासाठी दरवेळी शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहावे लागते आणि त्यातून कधी ना कधी कुरबूर होतेच. चर आठ-दहा दिवस उन्हात उघडा ठेवून नंतर निम्मी माती, उरलेल्यात कुजलेले शेणखत आणि दर फुटाला मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण भरावे. तांबड्या मातीत वाळवी फार असते. अर्धकच्चे शेणखत आणि मातीत गाडलेल्या काटक्या तिला बोलावणेच धाडतात, म्हणून खत पूर्ण मुरलेले आहे याची खात्री करून घ्यावी.

रोपे निवडताना विक्रेता उंच रोपे पुढे करतो आणि घेणाऱ्यालाही ती आवडतात. कुंपणासाठी मात्र तीन-चार फुटांचे एकदांडी रोप निरुपयोगी असते. बुंध्यापासूनच तीन-चार फुटवे असलेले, फूट-दीड फूट उंचीचे ठेंगणे रोप घ्यावे. पिशवी उचलून तळ पाहावा. तळातून मुळे बाहेर येऊन गुंडाळली गेली असतील, तर ते रोप पिशवीत बराच काळ अडकलेले आहे असे समजावे. लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी आणि वर्तुळात फिरलेली मुळे दोन-तीन ठिकाणी कापावीत, नाहीतर ती जमिनीत गेल्यावरही तशीच गोल फिरत राहतात. एका रांगेत दीड-दीड फुटावर रोप लावल्यास 60 फुटांच्या बाजूला साधारण 40 रोपे लागतात. त्याखेरीज चार-पाच रोपे जास्तीची घेऊन पिशवीतच वाढवावीत; पहिल्या वर्षी जी मरतील, त्यांची जागा त्याच वयाच्या रोपांनी भरता येते. रस्त्याकडेला अधिक दाट आडोसा हवा असेल, तर दोन फूट अंतराने दुसरी रांग घ्यावी आणि तिची रोपे पहिल्या रांगेतील मोकळ्या जागांसमोर येतील अशी बसवावीत.

मृगाचा पाऊस लागला की लागवड करावी. मृग कोरडा गेला, तर आर्द्रेपर्यंत थांबावे, पण पाण्याच्या भरवशावर मे महिन्यात घाई करू नये. ज्यांना रोपांवर खर्च करायचा नाही आणि एखादे वर्ष थांबण्याची तयारी आहे, त्यांनी ओळखीच्या कुंतीखालची लाल पिकलेली फळे गोळा करून गर धुऊन टाकावा आणि बी लगेच पेरावे. हे बी साठवले तर उगवण झपाट्याने कमी होते.

कुंपणाचे पुढचे सारे आयुष्य पहिल्या दोन वर्षांच्या छाटणीवर ठरते, आणि नेमक्या याच वेळी लोक कात्री हातात घ्यायला कचरतात. रोप मोठे होऊ दे, मग कापू, असा विचार करून ते चार-पाच फूट वाढू दिले की झाड शेंड्याकडे धावते आणि खालचे फुटवे सावलीत पडून वाळतात. मग वर छत्री आणि खाली उघडे बुंधे, असे कुंपण तयार होते. त्यातून कुत्री, कोंबड्या आणि बाजूच्या गल्लीतील चेंडू निर्धास्त ये-जा करतात. ती खालची पोकळी नंतर सहजासहजी भरत नाही. म्हणून लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी, रोपाने नवी पालवी धरली की, वरचा एक तृतीयांश भाग निःशंकपणे कापावा. शेंडा कापला की पानांच्या बगलेतील झोपलेले डोळे जागे होतात आणि एका काडीच्या जागी दोन-तीन काड्या येतात. या नव्या काड्या वीतभर वाढल्या की त्यांचाही निम्मा भाग काढावा. अशा रीतीने दर टप्प्याला निम्मी वाढ सोडून देत कुंपण पायरीपायरीने वर चढवावे. कुंती मुळातच सावकाश वाढते. चार फुटांचे खरोखर भरीव कुंपण व्हायला तीन-चार वर्षे लागतात, हे गृहीत धरूनच लागवड करावी.

कापताना हाताने अंदाज घेऊ नये, कारण डोळा हमखास फसवतो आणि दहा फुटांत वर-खाली लाटा दिसू लागतात. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये हव्या त्या उंचीवर सुतळी ताणावी आणि पाते सुतळीला समांतर ठेवून कापत जावे. कुंपणाचा आडवा छेद खाली रुंद आणि वर किंचित अरुंद असावा. तळाशी अडीच फूट रुंदी असेल, तर माथ्यावर दोन फूट पुरे. माथा रुंद राहिला की खालच्या पानांवर ऊन पडत नाही आणि पहिल्या वर्षांची सारी मेहनत वाया जाते. लांब दांड्याची कात्री बाजूंसाठी वापरावी. परंतु बोटाएवढ्या जाड फांद्या तिने चेंगरतात, त्यासाठी सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची आखूड कात्री, घ्यावे आणि फांदी कुंपणाच्या पृष्ठभागापासून दोन बोटे आत कापावी, म्हणजे पांढरा थोटका बाहेरून दिसत नाही.

कुंपण तयार झाल्यावर वर्षात तीन वेळा कात्री लावणे पुरते. मोठी छाटणी मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास करावी, म्हणजे लगेच येणाऱ्या पावसावर नवी फूट जोमाने येते. दुसरी हलकी छाटणी गणपतीच्या आदल्या आठवड्यात करावी; कापलेले चकचकीत पानांचे शेंडे वाया जात नाहीत, मखराच्या सजावटीला आणि गुच्छांना ते उत्तम लागतात आणि पाण्यात ठेवल्यास बरेच दिवस ताजे राहतात. तिसरी छाटणी दिवाळीनंतर. मार्च-एप्रिलमध्ये मात्र खोल कापू नये, कारण आतापर्यंत सावलीत राहिलेल्या आतील फांद्यांची साल उन्हाने भाजते. कुंतीला फुले नव्या फुटीच्या टोकांना येतात, त्यामुळे सतत सारखे केलेले कुंपण कमी फुलते. ज्यांना तो सुगंध हवा आहे, त्यांनी घराकडील बाजू एक-दोन महिने मोकळी सोडावी. चांगला पाऊस पडून गेल्यावर काही दिवसांत सारी बाजू एकाच वेळी पांढरी होते.

पाण्याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड आणि पुढे आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत पोहोचेल असे भरपूर पाणी द्यावे. रोज पाइपने पाने भिजवण्याला काही अर्थ नाही. बुंध्याशी उसाच्या पाचटाचा तीन बोटे जाड थर द्यावा. चिकोडी-रायबागकडे पाचट शेतातच पेटवून देतात, तेव्हा मागितल्यास ते सहज मिळते. मात्र थर खोडाला चिकटू देऊ नये, कारण तेथे ओल धरते आणि वाळवी लागते.

कीड पाहण्यासाठी कोवळे शेंडे जवळून बघावेत. पाने आत वळलेली असतील आणि त्यांच्या बेचक्यात पिवळसर, चपटी, राईच्या दाण्याहून लहान पिल्ले आणि पांढरे मेणचट धागे दिसत असतील, तर ती सिट्रस सिला ही कीड आहे. कुंतीला तिच्यापासून फारसा धोका नसतो. पण हीच कीड लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग हा बरा न होणारा रोग देते. त्यामुळे परसात किंवा शेजारच्या मळ्यात लिंबाची अथवा संत्र्याची झाडे असतील, तर कुंती लावावी की नाही याचा आधी विचार करावा. मी अशा ठिकाणी कोयनेलच सुचवतो. कुंती आधीच लावलेली असेल, तर किडके शेंडे कापून जाळावेत आणि लिटरला 5 मिलिलिटर निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारावे. पानांवर काजळीसारखा काळा थर दिसल्यास तो पुसत बसू नये; मावा किंवा पिठ्या ढेकूण जो चिकट स्राव टाकतात, त्यावर ती बुरशी वाढते, म्हणून बंदोबस्त किडीचा करावा. अशा वेळी खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसते, कारण मुंग्या त्या गोड स्रावासाठी किडीला जपतात. मुंग्यांची वाट तोडली की निम्मे काम होते.

जुन्या घराबरोबर वाट्याला आलेले, डोक्याएवढे वाढलेले आणि खाली पोकळ झालेले कुंतीचे कुंपण उपटून टाकण्याची घाई करू नये. मेअखेरीस त्याची उंची निम्म्यावर आणावी आणि केवळ एकच बाजू मुख्य खोडांपर्यंत आत कापावी; दुसऱ्या बाजूची पाने झाडाला वर्षभर पोसतात. बुंध्याभोवती शेणखत घालून पाऊस संपेपर्यंत वाट पाहावी. उघड्या खोडांवर फूट आली, तर पुढच्या मेमध्ये दुसरी बाजू कापावी; दसऱ्यापर्यंत एखाद्या खोडावर डोळाच फुटला नाही, तर ते तेवढे काढून नवे रोप तेथे लावावे आणि शेजारच्या झाडांच्या फांद्या दोन वर्षे त्याच्यावर येऊ देऊ नयेत.