कॅमेरा भारी, कार्ड फुसकं: गॅजेट घेताना या चुका टाळा

‘एवढे पैसे घातले, तरी नीट का चालत नाही?’ हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की मी आता वस्तूकडे बघतच नाही. थेट विचारतो, मेमरी कार्ड कुठलं? केबल कुठली?

यात मी स्वतः पोळलोय. पक्ष्यांच्या फोटोंचं वेड लागलं, लेन्ससाठी दोन वर्षं पैसे साठवले, आणि कार्ड घेतलं ते ऑनलाइन दिसलेलं सगळ्यात स्वस्त, 256 जीबीचं. पहाटेपासून तळ्याकाठी चिखलात बसलो, खंड्याने सूर मारला तो धडाधड टिपला. घरी येऊन बघतो तर सुरुवातीचे फोटो ठीक, मग एक अर्धा करडा, आणि खंड्या आलेले सगळे कोरे. फाइलींची नावं आहेत, साइझ आहे, आत भोपळा. अशा बनावट कार्डात खरी मेमरी थोडीच असते. कार्डातली कंट्रोलर चिप मात्र कॅमेऱ्याला 256 असल्याचं बेधडक सांगतो. खरी जागा संपली की पुढचं हवेत जातं, नाहीतर जुन्यावरच लिहिलं जातं. कॅमेरा चकार शब्द काढत नाही.

तेव्हापासून नवं कार्ड आलं की आधी संगणकात. कार्ड तपासायचे प्रोग्रॅम असतात: विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री. कार्ड काठोकाठ भरायचं आणि सगळं परत वाचून घ्यायचं. तासन्‌तास लागतात, लागू देत. उतावळी मंडळी म्हणतात, ‘फॉरमॅट झालं की, म्हणजे ओके.’ अहो, क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फाइलींची कोरी यादी लिहिली जाते, जागा कुणी तपासत नाही!

दुसरा राग टाइप-सी केबलवर. टोकं सारखी म्हणून केबली सारख्या, असं धरून चालतात. साधी केबल 3 अँपिअरची, म्हणजे जास्तीत जास्त 60 वॉट. लॅपटॉपला 100 वॉट हवे असतील तर आत चिप असलेली 5 अँपिअरची लागते. शिवाय फोनसोबतच्या बऱ्याच केबली यूएसबी 2.0 च्या, सेकंदाला 480 मेगाबिट. तीच नव्या एसएसडीला, म्हणजे वेगवान बाहेरच्या डिस्कला, लावून ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणणारे मी पाहिलेत. मी प्रत्येक केबलला वॉट लिहिलेली चिकटपट्टी गुंडाळतो. बायको हसते, पण घाईत तीही पट्टीच वाचते.

बाकीचं थोडक्यात. 20000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टचा हिशेब. 5 व्होल्टला, वाटेत वाया जाणारी वीज वजा करून, 13000 च्या आसपास धरा. फोरके मॉनिटरवर माऊस अडखळतोय? पोर्ट एचडीएमआय 1.4 चं असेल, ते फोरकेला 30 हर्ट्‌झच, म्हणजे सेकंदाला 30 चित्रंच, देतं. मॉनिटर परत करू नका. आणि दोन डिस्कचं मिररिंग, म्हणजे एकीवरचं सगळं आपोआप दुसरीवरही लिहिणं, म्हणजे बॅकअप नव्हे. फोल्डर चुकून उडवला तर दोन्हीकडून एकदमच उडतो. माझी तिसरी डिस्क कपाटात असते, वायर काढून.