भाडेकरू बदलतो, त्रास तोच राहतो : तक्रार मालकाच्या नावाने कशी करावी

खालच्या गाळ्यात खानावळ. तिचं खरकटं पाणी उघड्या गटारीत आणि रात्री बारापर्यंत स्पीकर. तुम्ही भाडेकरूशी भांडता, तो गाळा सोडून जातो, नवा येतो आणि पुन्हा तेच सुरू. मालक पुण्यात, भाडं मात्र वेळेवर घेतो. सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत कुठेही हे घडू शकतं. म्हणून तक्रार जागेची करा आणि त्यात मालकाचं नाव घाला.

आधी नाव पक्कं करा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, शेतजमीन असेल तर सातबारा. महाभूलेखच्या संकेतस्थळावरही हे उतारे पाहता येतात. मालक वारलेला असेल तर वारसांची नावं द्या, नाहीतर नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघते आणि तिथेच अडकते.

सगळ्यात जास्त मेहनत त्रासाच्या नोंदवहीवर घ्या. "कायम त्रास होतो" या वाक्याने कुणी हलत नाही. नोंद अशी हवी : "14 तारीख, रात्री 11:20, गाळा 3, स्पीकर चालू. 112 वर फोन. पोलीस 11:50 ला आले, आवाज बंद. 12:15 ला पुन्हा चालू." शेवटची ओळ सगळ्यात मोलाची, कारण त्रास पुन्हा पुन्हा होतो हे तीच दाखवते. रहिवासी भागात ध्वनिमर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्र 10 ते सकाळी 6. सांडपाण्याचे फोटो काढाल तर गाळ्याची पाटी त्यात दिसू द्या.

मग मालकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. साधं, शिवीगाळ नको. पोचपावती जपा, "मला माहीतच नव्हतं" हे उत्तर तिथेच संपतं.

त्यानंतर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत लेखी अर्ज द्या. सांडपाणी, कचरा, डासांचा विषय आरोग्य विभागाकडे जातो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. चार-पाच घरांच्या सह्या घ्या, एकट्याची तक्रार शेजाऱ्यांचं भांडण म्हणून बाजूला पडते. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून विचारा : अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली? 30 दिवसांत माहिती द्यावीच लागते.

तरीही फरक पडला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जा. हा रस्ता फार कमी लोक वापरतात, आणि मला तोच सगळ्यात भक्कम वाटतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली सार्वजनिक उपद्रव काढून टाकण्याचा सशर्त आदेश (उपद्रव काढा, नाहीतर हजर राहून कारण सांगा) निघू शकतो. त्यासाठी पोलिसांचा अहवालच हवा असं नाही, तुमचा अर्जही चालतो. कलम 162 खाली तोच उपद्रव पुन्हा करू नये असाही आदेश देता येतो. अर्जात दोन्ही कलमं लिहा आणि भाडेकरूबरोबर मालकालाही पक्षकार करा. वही, फोटो, पोचपावती, आवक क्रमांकाच्या प्रती जोडा.

सुनावणीच्या तारखेला शेजाऱ्यांपैकी दोघांना तरी सोबत न्या. समोरचा आरोप नाकारेल, तेव्हा त्यांची साक्ष लागते. आदेशानंतर त्रास पुन्हा सुरू झाला तर आदेशाची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. मनाई असूनही उपद्रव चालू ठेवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 293 खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.