निशी-कासाईत नव्याने आलेल्या मासेखाऊंसाठी

दर एप्रिलमध्ये आमच्या बिल्डिंगीत एखादं नवं मराठी बिऱ्हाड येतं, आणि पंधरा दिवसांत त्या घरातलं कुणीतरी मला लिफ्टमध्ये गाठून विचारतं, "ताई, इथला मासा आम्ही केला की वास का मारतो? आणि ते हॉटेलातल्यासारखं चकचकीत कसं करायचं?" त्या चकचकीत माशाला तेरियाकी म्हणतात, पण आमची लिफ्ट वर पोचेपर्यंत मी जेमतेम मिरीनपर्यंत, म्हणजे त्यात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गोड दारूपर्यंत येते. म्हणून हे एकदाचं लिहून काढलं. मी रत्नागिरीची, २००८ पासून इथे टोकियोत. शाकाहारी मंडळींनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, तुमच्यासाठी या भागात दुकानं आहेत, व्हॉट्सअॅप गट आहेत, तुमचं छान चाललंय.

तेरी म्हणजे चकाकी, याकी म्हणजे भाजणं. आमचे हे 'तर्री-याकी' म्हणतात आणि ते अगदीच चुकीचं नाही. मिसळीवरची तर्री चकाकते तेलाने, ही चकाकते साखरेने, एवढाच फरक. आपल्याकडे तेरियाकी म्हटलं की लोकांना चिकन आठवतं. इथल्या घरांत पहिला मान माशाचा, आणि माशांत बुरीचा.

बुरी हा बढत्या घेणारा मासा. लहान असताना टोकियोकडे त्याला वाकाशी म्हणतात, मग इनादा, मग वारासा, आणि पूर्ण वाढला की बुरी. ओसाकाकडे हीच नावं वेगळी. ट्रेनी, सिनिअर, लीड, मॅनेजर असा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. थंडीत त्याला चरबी चढते, डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या. तोयामाकडच्या हिमी बंदराची थंडीतली बुरी नावाजलेली आहे आणि भावही तसाच असतो. तेरियाकीसाठी ती आणू नका, सॉसखाली तिची चव बुडवायला पैसे मोजल्यासारखं होतं. साधी, पाळलेली बुरी उत्तम.

बुरी नसेल तर सावारा. ही आपल्या सुरमईची चुलतबहीण, तोंडात घातलीत की कळेल. साबा बांगड्याच्या नात्यातला. ताचिउओ म्हणजे सरळसरळ आपली वाकटी, चांदीच्या पट्ट्यासारखी ट्रेमध्ये पडलेली दिसेल. पापलेट मिळतं का, हे पहिल्या आठवड्यात सगळे विचारतात. मानागात्सुओ नावाने मिळतं, पण त्याचं कौतुक ओसाका-क्योतोकडे. इथे क्वचित दिसतं आणि महाग असतं. सोडून द्या तो नाद. आपल्यातल्या काहींनी दहा-दहा वर्षं इथे पापलेटसाठी उसासे टाकले आणि सावाराला हातही लावला नाही. अशांची मला कीव येत नाही.

सॅमन घेताना मात्र सांभाळा. नाश्त्याला भाजायचे सॅमनचे तुकडे आधीच खारवलेले असतात. त्यावर 'अमाकुची' लिहिलेलं असतं, भाषांतराचं अॅप त्याला 'गोड' म्हणतं, आणि माणूस खुशीत घेऊन येतो. गोडबीड काही नाही, मीठ जरा कमी एवढाच अर्थ. त्यावर सोया सॉस ओतलात तर लोणचं होईल. नामा-जाके मागा, तो बिनमिठाचा. 'कानेत्सु-यो' लिहिलं असेल तर शिजवूनच खायचा मासा. शिळा आहे असा अर्थ नाही. साशिमिचा, म्हणजे कच्चा खायचा, महाग तुकडा तेरियाकीला लागत नाही.

आता बाटल्या. इथे चार चुका होतात आणि चारही मी केल्यात.

सोया सॉसमध्ये 'उसुकुची' म्हणजे फिका. फिका रंगाने. मिठाने तो नेहमीच्या कोइकुचीपेक्षा जास्त खारट असतो. बीपी आहे म्हणून फिका सोया वापरणारे एक काका मला माहीत आहेत. कमी मिठाचा हवा तर 'गेनएन' शोधा. तेरियाकीला कोइकुचीच घ्या, रंग त्याचाच येतो.

मिरीन दोन प्रकारचं. होन-मिरीन खरं, त्यात १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणून त्यावर दारूचा कर बसतो आणि बऱ्याच दुकानांत ते दारूच्या फळीवर ठेवलेलं असतं. शेजारीच स्वस्तात मिळतं ते मिरीन-फू, म्हणजे मिरीनसारखं काहीतरी. त्यात अल्कोहोल १ टक्क्याहून कमी आणि गोडी वरून घातलेली. चकाकी त्यानेही येते, पण चिकट येते. होन-मिरीनची गोडी चिकट तांदूळ आणि कोजी (आंबवायला लागणारी बुरशी) मुरून आलेली असते, तिची सर त्याला नाही.

तिसरी बाटली साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची. मसाल्यांच्या फळीवरच्या 'र्योरिशु'त, म्हणजे स्वयंपाकाच्या साकेत, मीठ घातलेलं असतं, कुणी ती पिऊ नये आणि तिच्यावर दारूचा कर लागू नये म्हणून. ती वापरलीत तर सोया कमी करा. मी सरळ स्वस्त कागदी खोक्यातली प्यायची साके आणते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा ते खोकं सिंकखाली ढकललं होतं. त्यांनी तिसऱ्या दिवशी शोधून काढलं. शिजताना दारू बरीचशी उडते, पण सगळी उडतेच असं छातीठोकपणे सांगू नका. ज्यांना धर्माने किंवा औषधामुळे चालत नाही त्यांना पाणी आणि थोडी जास्त साखर घालून करून द्या. बरं होतं, खोटं बोलण्यापेक्षा कितीतरी बरं.

चौथी चूक म्हणजे 'तेरियाकी सॉस' असं लिहिलेली तयार बाटली. घेऊ नका.

आता जे सांगण्यासाठी खरं हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते. मासा थंड ठेवा. दुकानापासून तव्यापर्यंत, एक मिनिटही इकडेतिकडे नाही.

ऑगस्ट २००८. मला येऊन तीन आठवडे झाले होते. रविवारी सकाळी आम्ही त्सुकिजीला गेलो. मासळीचा घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसूला गेला, तेव्हा तो तिथेच होता; बाहेरची दुकानं आजही आहेत. मला साबा दिसला. पाठीवरच्या त्या निळ्या-काळ्या लाटा, पांढरं पोट, डोळा स्वच्छ. तीन आठवड्यांनी बांगड्याचा भाऊ भेटला होता, मी दोन घेतले. दुकानदाराने काहीतरी विचारलं, मी हसून 'हाय, हाय' म्हटलं. नंतर कळलं, तो विचारत होता घर किती लांब आहे. त्यावरून तो बर्फ घालतो. मी नुसतं हो हो म्हटल्यावर त्याने काय समजावं? दोन चिमटी बर्फ घातला असेल. मग आम्ही गिन्झा बघितलं, दुकानांतल्या एसीत बसलो, आइस्क्रीम खाल्लं, कायाबाचोला गाडी बदलून दुपारी तीनला घरी. पिशवीतलं पाणी कोमट झालं होतं. मासा मात्र दिसायला छान, वासही नाही. मी तो धुतला, हळद-मीठ-तिखट लावून तासभर ओट्यावर ठेवला, जशी आई ठेवायची. आणि खरपूस तळला.

पहिल्याच घासाला जिभेला मिरमिरलं. मला वाटलं तिखट जास्त झालं. अर्ध्या तासात आमच्या ह्यांचा चेहरा आणि मान लालभडक, अंगावर गांधी, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. शेजारच्या आजींनी सुट्टीच्या दिवशी उघडा असणारा दवाखाना दाखवला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "साबा?"

याला अॅलर्जी म्हणतात असं मला वाटायचं. ती अॅलर्जी नव्हे. साबा, बुरी, सावारा, ट्यूना, आपला बांगडा, असल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा प्रथिनांतला एक घटक भरपूर असतो. मासा कोमट राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि त्यानेच अंगावर गांधी उठतात. आणि हे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून जात नाही. 'शिजवलं की सगळं मरतं' हे आपलं ठरलेलं वाक्य. जिवाणू मरतात, त्यांनी करून ठेवलेलं तसंच राहतं. वासावरून कळत नाही. जीभ मिरमिरली तर घास थुंका आणि मासा फेका, कितीला घेतला होता ते आठवत बसू नका.

त्या दिवशी ह्यांचं कंपनीचं विमाकार्ड अजून हातात आलेलं नव्हतं. कार्ड असतं तर ३० टक्के भरावे लागले असते, आम्ही पूर्ण भरले. चौदा हजारांच्या वर येन, तेही पहिला पगार व्हायच्या आधी. नंतर अर्ज केला तर ७० टक्के परत मिळतात. त्यासाठी पावती लागते. पावती मी माशाच्या पिशवीबरोबर कचऱ्यात टाकली होती. हल्ली कार्डाचं काम मायनंबर कार्डावर, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्रावर होतं, पण सुरुवातीच्या दिवसांतली गडबड तीच आहे, तेव्हा पावत्या जपा.

सुपरमार्केटात पैसे दिल्यावर पिशव्या भरायच्या टेबलाजवळ बर्फाचं यंत्र असतं, फुकट. आपले लोक त्याकडे बघतही नाहीत, की फुकट आहे म्हणजे काहीतरी भानगड असेल. घ्या. थंडीतही घ्या. मासा शेवटी उचला, आधी कांदे-बटाटे. संध्याकाळी अर्ध्या किमतीचा 'हानगाकु' स्टिकर लागतो, तो मासा घ्यायला हरकत नाही, मीही घेते. पण त्याच रात्री करायचा. 'काइतो' लिहिलेला मासा एकदा गोठवून सोडवलेला असतो, तो पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका. आणि मसाला लावून मुरवायचं असेल तर फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. आईच्या ओट्यावरचा बांगडा तासाभरापूर्वी होडीतून उतरलेला असायचा, हे आपण विसरतो.

आता कृती. दोघांना दोन तुकडे, साधारण ८० ते १०० ग्रॅमचे. नळाखाली धुऊ नका. मला माहीत आहे तुमचा हात नळाकडे जातोय. तुकडे साफ करूनच येतात. दोन्ही बाजूंना चिमूटभर मीठ भुरभुरा, फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. वर पाण्याचे थेंब येतील, वास त्याच पाण्यात असतो. किचन पेपरने दाबून टिपून घ्या, अगदी कोरडा. तुम्ही लिफ्टमध्ये विचारता त्या वासाचं उत्तर एवढंच आहे. हळद नको, लिंबू नको, आगळ तर नकोच. ते शुक्रवारच्या कढीसाठी राहू दे.

वाटीत सोया, मिरीन, साके दोन-दोन मोठे चमचे आणि साखर एक छोटा चमचा, आधीच मिसळून ठेवा. इथला मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ चा. कप २०० मिलीचा, आणि भाताच्या कुकरबरोबर येतो तो कप १८० चा. अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेली कृती इथल्या कपाने मोजलीत तर फसाल.

तुकड्यांना काताकुरिको, म्हणजे बटाट्याचं स्टार्च, पावडर लावल्यासारखं पातळ लावून झटका. पॅनमध्ये चमचाभर तेल, मध्यम आच. ताटात वर दिसणारी बाजू आधी खाली. तीनेक मिनिटं हलवू नका. उलटा, दोन मिनिटं. आता पॅनमध्ये सुटलेली सगळी चरबी पेपरने पुसून घ्या. बुरीचं तेल बरंच सुटतं, आणि ते राहिलं तर सॉस माशाला धरतच नाही, नुसता घरंगळतो. ही पायरी आपले लोक हमखास गाळतात, कारण तेल पुसून टाकणं आपल्या जिवावर येतं.

मग सॉस ओता. इथून पुढे मोबाइल बाजूला. आधी बारीक, भराभर फुटणारा फेस येतो. चमच्याने सॉस माशावर घालत राहा. मिनिटाभरात बुडबुडे मोठे होतात, जाड होतात, सावकाश फुटायला लागतात, आणि उलथन्याने पॅनच्या तळाला रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहते. बंद करा. ज्यांनी रव्याच्या लाडवांचा पाक केलाय त्यांना हा क्षण ओळखू येतो. हा एकतारीच्या बराच अलीकडचा. एकतारीची वाट बघितलीत तर ताटात जाईपर्यंत चिक्की. सॉस निवताना आणखी घट्ट होतो, हे धरून चाला. पहिल्या वेळी पातळ राहिला तरी भातावर चांगला लागतो, करपलेला कशावरच लागत नाही.

शेगडीखालच्या ग्रिलमध्ये हे करू नका, सॉस करपतो आणि ट्रे घासताना रडाल. आणि जाणाऱ्या कुटुंबाकडून शेगडी विकत घेताना ती सिटी गॅसची की प्रोपेनची हे बघा. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, धोका आहे.

पंखा आधी लावा, मासा नंतर. इथे शेजारी तोंडावर काही बोलत नाहीत. दहा दिवसांनी खालच्या फलकावर 'सर्व रहिवाशांना विनंती' असा कागद लागतो आणि तो सर्वांसाठी नसतो. फोडण्यांमुळे आपण आधीच त्यांच्या यादीत आहोत. काटे आणि कातडी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, जळाऊ कचऱ्याच्या सकाळी बाहेर काढा. फ्रीझरमध्ये कचरा ही कल्पना मला पहिल्यांदा किळसवाणी वाटली होती. उन्हाळ्यात एकदा न ठेवता बघा. माशाचा ट्रे धुऊन सुपरमार्केटच्या पेटीत टाका.

थंड पिशवी अजून घेतली नसेल तर माझ्याकडची घेऊन जा, पण धुऊन परत आणा. मागच्या वर्षीच्या दोन अजून आलेल्या नाहीत, आणि त्या कुणाकडे आहेत ते मला माहीत आहे.