फ्यूज उडाला? दुसरा किटकॅटही उघडा

आधी खिडकीतून समोर बघा. समोरच्या घरात दिवे नसतील आणि आज गुरुवार असेल, तर हा लेख बाजूला ठेवून चहा टाका. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार कोणता, हे इथे जन्मलेल्यांना सांगायला नको. समोर उजेड आणि फक्त तुमच्याकडे अंधार असेल, तरच पुढे वाचा.

हे सगळं चिनीमातीचे किटकॅट, म्हणजे आत तार बांधलेले, उपसून काढायचे जुने फ्यूज असलेल्या घरांसाठी आहे. पेठांतले उरलेसुरले वाडे आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या, कोणीच हात न लावलेल्या सोसायट्या. ज्यांच्याकडे एमसीबी आहे त्यांनी खट्कन पडलेला खटका वर करावा. पुन्हा पडला तर वायरमनला फोन करावा.

मीटर, त्याचं सील आणि बाहेरून येणाऱ्या तारेवर मीटरच्या आधी बसवलेला कटआउट, म्हणजे कंपनीचा फ्यूज, हे महावितरणचं. तिथे हात घालायचा नाही, १९१२ वर फोन करायचा. काही दिवे मिणमिणतायत आणि काही डोळे दिपवतायत असं दिसलं, तर मेन पाडा आणि तोच फोन करा, कारण तेव्हा इमारतीचा न्यूट्रलच, म्हणजे वीज परत नेणारी तारच, सुटलेली असू शकते. असे दिवे बघत बसलात तर फ्रिज आणि टीव्ही हातचे जातात.

आता मुद्द्याचं. फ्यूज उडाला की माणूस समजतो, वीज गेली. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, म्हणजे तारांत काही नाही. यासारखी घातक समजूत दुसरी नाही, आणि ती माझीही होती.

नारायण पेठेत आमच्या वाड्यात जिन्याखाली लाकडी बोर्ड होता. त्यावर प्रत्येक बिऱ्हाडाचे दोन-दोन किटकॅट. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी मिक्सर आणि इस्त्री एकदम चालू होती आणि घर अंधारलं. मी खाली जाऊन एक किटकॅट उपसला. तार शाबूत वाटली, तरी बदलली. अंधारच. पुन्हा बदलली. पुन्हा अंधार. मग वाटलं, स्वयंपाकघरातल्या होल्डरमध्येच काहीतरी असणार. वीज तर नाहीच आहे, मग भीती कसली? बटण चालूच राहिलं होतं, मेन बंद करायचं सुचलंही नाही. स्टुलावर चढून होल्डर उघडला आणि पुढच्या क्षणी मी ओट्याखाली होतो. हात दोन दिवस जड होता.

वाड्याचे वायरमनकाका आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दुसरा उघडलास का?" मी गप्प. "मग तो कोण उघडणार, गौरी?"

जुने वायरमन फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल, दोन्हींवर फ्यूज बसवत. दोन फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षा, अशी समजूत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलवर असा स्वतंत्र फ्यूज बसवायला मनाई केली होती, पण बोर्डांना नियम वाचता येत नाहीत. फेजचा फ्यूज गेला तर ठीक, पुढे काही जात नाही. न्यूट्रलचा गेला तर मात्र विजेची परतीची वाट तुटते, येण्याची नाही. पाइपाच्या शेवटची तोटी बंद केली म्हणून पाइपातलं पाणी जात नाही, ते दाबाखाली तिथेच उभं असतं. तसाच फेज बल्बच्या तारेतून पलीकडे जाऊन तुमच्या बोटाची वाट बघत असतो. होल्डरच्या दोन्ही टोकांना वीज, आणि दिवा मात्र बंद.

म्हणून किटकॅटला हात लावण्याआधी कोणता गेलाय ते टेस्टरने ओळखा. टेस्टर आधी चालू वीज असलेल्या दुसऱ्या ठिकाणी, जिन्यातल्या सॉकेटवर किंवा शेजाऱ्यांकडे, लावून बघा. मेलेला टेस्टर कशावरच पेटत नाही, आणि न पेटणं म्हणजे सुरक्षित असं समजूनच लोक मरतात. मग अंधारलेल्या भागातल्या एका दिव्याचं बटण चालू ठेवा, तिथल्याच सॉकेटचंही चालू करा आणि खालच्या दोन्ही भोकांत आळीपाळीने टेस्टर घाला. (शटरवाल्या नव्या सॉकेटमध्ये हे जमत नाही, पण असं घर असेल तर सॉकेटही जुनंच असणार.) कुठेच पेटला नाही तर फेज गेलाय. दोन्हीकडे पेटला तर न्यूट्रल. "डबल फेज आलाय" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा द्या आणि बोर्डापासून लांब बसवा. खात्री करायची असेल तर त्या फ्यूजवरच्या सगळ्या दिव्या-पंख्यांची बटणं बंद करा: डाव्या भोकातला उजेड जातो, उजव्यातला राहतो. डावा न्यूट्रल आणि उजवा फेज असायला हवा म्हणून असं म्हणतोय. जुन्या घरांत हे उलटंही सापडतं.

कळलं? आता मेन पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही घरातल्या तारा जिवंत राहतात. जुन्या लोखंडी मेन स्विचच्या हँडलवर विसंबू नका. आतलं एखादं पातं चिकटून राहतं. घरात कुठेच टेस्टर पेटत नाही हे बघा. मेनच्या मीटरकडच्या स्क्रूंवर वीज कायमच असते, तिकडे बोट जाऊ देऊ नका. पायात रबरी चप्पल, फरशी कोरडी. मग दोन्ही किटकॅट काढा. पुन्हा सांगतो, दोन्ही.

जळलेली तार बोलते. मधोमध वितळून तुटली असेल तर भार जास्त झाला. तार गायब आणि चिनीमाती काळी ठिक्कर असेल तर शॉर्टसर्किट. स्क्रूजवळ तुटली असेल तर स्क्रू सैल होता. शॉर्टची खूण दिसली तर तार बांधण्याआधी घरातले सगळे प्लग काढून ठेवा.

तार. इथे सल्ल्यांना ऊत येतो. टाचणी, सिगारेटच्या पाकिटातली चांदी असले प्रकार करणाऱ्यांसाठी हा लेख नाही. पण "वायरीतली एक काडी घाला" हे शहाणी माणसंही सांगतात, आणि एकेकाळी ते बरोबरही होतं. दुकानदार जिला चाळीस-शहात्तर म्हणत, त्या जुन्या वायरीची एक काडी इंचाच्या ०.००७६ जाडीची, म्हणजे साधारण ०.२ मिमी. फ्यूजतारेत ५ अॅम्पिअरला हीच जाडी लागते. आजच्या १ चौरस मिमीच्या वायरीत ०.३ मिमीच्या चौदा काड्या असतात. एक काडी घातलीत तरी दिव्यांच्या फ्यूजसाठी ती जाड झाली. सल्ला तोच राहिला, वायर बदलली.

विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून कार्डावर गुंडाळलेली, कल्हई केलेली तांब्याची फ्यूजतार आणा: दिवे-पंख्यांना ५ अॅम्पिअरची ०.२ मिमी, गीझर वा इस्त्रीच्या पॉइंटला १५ ची ०.५ मिमी. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला जेमतेम ९ अॅम्पिअर ओढतो, त्यामुळे १५ च्या वर जायचं कारण नाही. अशी तार आपल्या आकड्याच्या जवळपास दुपटीला वितळते, तेव्हा "थोडी जाड" म्हणजे भिंतीतल्या वायरीने आधी जळायचं. दोन पदर तर नकोच नको. तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, किंचित सैल ठेवा. ताणलेली तार स्क्रू आवळताना बारीक होते आणि महिनाभरात विनाकारण जाते.

न्यूट्रलचा फ्यूज गेला असेल तरी आज त्याच मापाची तार घाला. तिथे फ्यूजऐवजी पक्की लिंक, म्हणजे न वितळणारी जोडपट्टी हवी, हे खरं, पण कोणता किटकॅट न्यूट्रलचा हे तारेच्या रंगावरून ठरवू नका. आमच्या वाड्यात लाल तार न्यूट्रलला होती. लिंक वायरमनने मोजून बसवावी.

किटकॅट बसवा, मग मेन चढवा, एकेक उपकरण लावत जा. ज्याने पुन्हा उडाला ते गुन्हेगार. सगळं बंद असतानाही उडाला तर बिघाड वायरिंगमध्ये आहे. तिसऱ्यांदा तार बांधू नका.

बोर्डाच्या लाकडात वाळवी असेल, किटकॅट हाताला गरम लागत असेल किंवा वायरीचं रबर चुरचुरून पडत असेल, तर बोर्ड बदलायची वेळ झाली. परवानाधारक वायरमनच बोलवा आणि आधी मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायला सांगा. ५०० व्होल्टवर किमान १ मेगाओहम आला नाही, तर नवा बोर्ड म्हणजे कुजलेल्या भिंतीवर रंग. एमसीबी वायरीच्या जाडीवरून निवडतात, तुमच्या एसीच्या हौसेवरून नाही: १.५ चौरस मिमीला १०, २.५ ला १६. शिवाय ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा खटका. तो स्टुलावरचा धक्का त्याने पूर्ण टाळला नसता, पण क्षणार्धात तोडला असता.

जुन्या घरात बरेचदा दोन सर्किटांचा न्यूट्रल एकच असतो, त्यामुळे आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडतो. मग वायरमन म्हणतो, "साहेब, हा बायपास करू या, तुमच्या वायरिंगला चालत नाही." नाही म्हणा. न्यूट्रल वेगळे करायला दिवस लागतो, मजुरी लागते. द्या.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते मधूनमधून दाबायचं. आरसीसीबी पडला पाहिजे. आम्ही गुरुवारी सकाळी, वीज जायच्या आधी दाबतो. लक्षात राहतं.