गणित सोडायचं म्हणताय? आधी एवढं करा

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या शिकवणीच्या दारात पालक उभे. "सर, ह्याचं गणितच काढून टाकता येत नाही का ओ? बाकी सगळं बरं हाय." तासगावात 24 वर्षं गणित शिकवतोय, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. राज्य मंडळाच्या दहावीला नाही काढता येत. पूर्वी सामान्य गणिताचा पर्याय होता, तो बंद झाला. सीबीएसईत 2020 च्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर आहेत. अभ्यासक्रम तोच, पेपर तेवढा सोपा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर मंडळ सवलती देतं, पण मुलाला खरंच अंक उलटेपालटे दिसत असतील तर ती तपासणी आधीच करून घ्या, दहावीच्या फॉर्मची वाट बघू नका.

आता घरी बसून करायचं काम. कोऱ्या कागदावर सहा गणितं लिहा. दहावीची नव्हे, पाचवी ते सातवीची: दोन अपूर्णांकांची, दोन ऋण संख्यांची, एक शेकडेवारीचं, एक साध्या समीकरणाचं. पोराला एकट्याला सोडवू द्या, आई मागं उभी नको. पेन्सिल कुठं थांबते ते बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं, दहावीत नसतंच.

गेल्या वर्षीचा एक पोरगा. वडिलांचं बेदाण्याचं शेड, हा सुट्टीत सौद्याला जाणारा. मी विचारलं, अर्धी पेटी आणि पाव पेटी मिळून किती? "पाऊण," झटक्यात. मग म्हटलं, लिही 1/2 + 1/4. त्यानं लिहिलं 2/6. मी 1/2 च्या खाली 'अर्धा' आणि 1/4 च्या खाली 'पाव' लिहिलं, बस्स. कागदाकडं बघत बसला, मग स्वतःच खोडरबर मागितला. पुढचा महिनाभर रोज वीस मिनिटं नुसते अपूर्णांक. सातवीचं पुस्तक ई-बालभारतीवर फुकट मिळतं, वेगळं गाइड घेऊ नका.

मग पासाचा हिशेब मुलासमोर मांडा. राज्य मंडळाच्या गणितात भाग 1 आणि 2 मिळून लेखी 80, अंतर्गत 20, आणि पासाला 35. संख्याशास्त्र, संभाव्यता, दोन चलांतील रेषीय समीकरणं, पायथागोरस हे आधी पक्कं करा. भौमितिक रचना तर हात स्थिर असणाऱ्याला आंदण आहे. त्रिकोणमिती मागं राहिली तरी चालेल. (हे वाचून माझे जुने सहकारी चिडतील.)

माझं विचाराल तर दहावीपर्यंत गणित ऐच्छिक नको. चौदा वर्षांच्या पोराचा राग बऱ्याचदा विषयावर नसतो, मागं राहून गेलेल्या एका धड्यावर असतो. अकरावीपासून मात्र खुशाल सोडा, आकाश कोसळत नाही.

फक्त सोडायच्या आधी माझी चूक ऐका. एका मुलीला मीच म्हटलं होतं, सायन्स घे पण गणित सोड, जीवशास्त्र ठेव. बारावीत तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवं झालं. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) ग्रुपची सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, गणिताशिवाय कशी देणार? तिची आई मला काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी मुलाला आवडणारे तीन कोर्स निवडायला लावतो, आणि प्रत्येकाला बारावीत कोणते विषय लागतात ते त्याच्याच हातानं वहीत उतरवून घेतो.